मानेत काय बसवणार ते काउंटरवर नको, ओपीडीत सांगा: महाराष्ट्रातल्या स्पाइन सर्जनांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

स.न.वि.वि.

मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. मानेची ऑपरेशनं तुम्ही मुंबईत, पुण्यात, मिरजेत, कोल्हापुरात करता. टाके निघाले, कॉलर सोडायची वेळ आली की ती माणसं गावी परततात आणि माझ्यासारखीच्या टेबलावर येऊन बसतात. पाटण, जावळी, कोरेगाव या भागांतून नवी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून गेलेली माणसं इथे घरोघरी आहेत. उमेदीची सगळी वर्षं डोक्यावर नि पाठीवर पोती वाहिलेल्या माना मी रोज हाताळते. त्यांच्याबरोबर शिंपी येतात, एसटीचे ड्रायव्हर येतात, दिवसभर मान खाली घालून खुरपणी करणाऱ्या बायका येतात. ज्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, हातातला घास सुटत होता, तो माणूस तुमच्या हातून बरा होऊन येतो. तुमच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही, आदर आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

माझी तक्रार कागदाची आहे. या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर एवढंच असतं: 'सी५-सी६ एसीडीएफ केले.' म्हणजे मानेच्या पुढून जाऊन पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी काढली आणि ते दोन मणके जोडले. पण गादीच्या जागी काय बसवलं? केज, म्हणजे मणक्यांमध्ये टेकू देणारा पोकळ ठोकळा, पीक नावाच्या प्लास्टिकचा की टायटॅनियमचा? वर प्लेट आहे की नाही? कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, कोणत्या बॅचचा? याबद्दल अक्षर नसतं. रुग्णाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "इम्पोर्टेड टाकलंय, म्याडम."

हे उत्तर त्याला कोणी शिकवलं, तेही मला माहीत आहे. माझ्या थोरल्या भावाच्या ऑपरेशनच्या वेळी मी वहिनीबरोबर एका मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरपुढे बसले होते. समोरच्या मुलीनं प्लास्टिकमध्ये मढवलेला एक तक्ता पुढे सरकवला. त्यावर तीन ओळी होत्या: इंडियन, इम्पोर्टेड, प्रीमियम. प्रत्येकीपुढे आकडा. ऑपरेशनचं पॅकेज वेगळं, इम्प्लांट वेगळं. मी विचारलं, तिन्हींत फरक काय? ती म्हणाली, "प्रीमियम चांगलंच असतं ना मॅडम. पुढे प्रॉब्लेम नको असेल तर प्रीमियमच घ्या." वहिनीचा हात आपोआप गळ्यातल्या गंठणाकडे गेला. नवऱ्याच्या मानेचा प्रश्न आहे म्हटल्यावर कोणती बाई सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या ओळीवर बोट ठेवेल?

त्या मुलीचा दोष नाही. तिला जे पाठ करून दिलं होतं ते तिनं म्हटलं. पण ज्या गोष्टीची निवड रुग्णाचं हाड, वय, व्यसन, किती मणके खराब आहेत हे बघून करायची, ती त्या तक्त्यावर किमतीनुसार मांडलेली होती. आणि निवडीचा भार तिथे सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसावर टाकलेला होता.

पुढचं तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. पण खुलं पत्र रुग्णही वाचतात, त्यांच्यासाठी लिहिते.

हाताला जाणारी कळ थांबते ती नस मोकळी झाल्यामुळे. गादीचा सरकलेला तुकडा, वाढलेलं हाड काढलं, मज्जारज्जूवरचा आणि नसेवरचा दाब उतरला की आराम पडतो. हे काम सर्जनच्या हातांचं आहे, इम्प्लांटचं नव्हे. इम्प्लांटचं काम त्यानंतरचं: गादी काढल्यावर राहिलेल्या पोकळीत टेकू द्यायचा, दोन मणक्यांतलं अंतर आणि मानेचा नैसर्गिक बाक राखायचा, आणि तिथे हाड जुळेपर्यंत जागा स्थिर ठेवायची. एकाच पातळीचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या एकाच जागेचं ऑपरेशन असेल, हाड चांगलं असेल, तर वेगवेगळ्या केजांच्या तुलनेत रुग्णाच्या दुखण्यात आणि रोजच्या जगण्यात मोठा फरक सातत्यानं दिसलेला नाही. ही एक गोष्ट जरी वहिनीला त्या दिवशी कोणी सांगितली असती, तर गंठणाकडे हात गेला नसता.

मुळात या ऑपरेशनात विकत आणलेलं काहीच नसायचं. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी पुढून मानेत शिरायची ही पद्धत मांडली, क्लाउअर्ड यांनी १९५८ साली आपली वेगळी रीत प्रसिद्ध केली. दोन्हींत कमरेच्या हाडाचा तुकडा कापून मानेत बसवायचा. स्वतःचंच हाड, जिवंत पेशींसकट. जुळण्याच्या बाबतीत आजही त्याच्याशीच बाकी सगळ्याची तुलना होते. अडचण कमरेत. कितीतरी लोकांची मान बरी व्हायची आणि हाड काढलेली जागा मात्र महिनोन्महिने ठणकायची. कधी तिथे रक्त साकळायचं, कधी जंतुसंसर्ग व्हायचा. मीही जुने रुग्ण पाहिले आहेत, जे मानेबद्दल चकार शब्द न काढता पँटच्या पट्ट्याखालची जागा दाबून दाखवतात.

केजचा उगम तर घोड्यांत आहे. घोड्यांना मानेतला मज्जारज्जू दबून चालताना झोकांड्या जाण्याचा आजार होतो. अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर जॉर्ज बॅग्बी यांनी पशुवैद्यांबरोबर काम करून भोकं असलेली स्टीलची एक नळकांडी त्यांच्या मानेत बसवली. पोकळीतून काढलेला हाडाचा चुरा तिच्यातच भरायचा, म्हणजे कमरेला हात लावायला नको. त्याच कल्पनेतून पुढे माणसासाठी टायटॅनियमचे केज आले. १९७७ साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या सिॲटल स्ल्यू या घोड्यावरही म्हातारपणी, २००० साली, मानेचं असंच ऑपरेशन झालं होतं. मला ही हकीकत आवडते, कारण केज कशासाठी जन्माला आला ते तीत स्वच्छ दिसतं: रुग्णाची दुसरी जखम वाचवायला. प्रीमियम ओळ भरायला नव्हे.

आता पीक आणि टायटॅनियम. पीक हे एक टणक प्लास्टिक. त्याचा ताठरपणा ३ ते ४ गिगापास्कल, माणसाच्या बाहेरच्या कठीण हाडाचा साधारण १५ ते २०, आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११०च्या आसपास. ताठर धातू मऊ हाडावर दाबला गेला तर तो मणक्यात रुतण्याची, म्हणजे केज खचण्याची भीती. म्हणून पीकची बाजू घेतली जाते. पीक एक्स-रेत आरपार दिसतं, त्यामुळे आत हाड जुळलं की नाही ते बघता येतं, हा त्याचा मोठा फायदा. उलट, पीकच्या पृष्ठभागाला हाड नीट चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पातळ थर राहू शकतो. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, पण सीटी आणि एमआरआयमध्ये त्याच्या आसपासचं चित्र विस्कटतं. दोन्हींचे गुण घ्यावेत म्हणून पीकवर टायटॅनियमचा लेप आला, तर तो बसवताना खरवडला जाण्याची चिंता आली. आता थ्री-डी प्रिंटिंगनं जाळीदार टायटॅनियम बनवतात. जाळीमुळे ताठरपणा उतरतो आणि हाडाला शिरायला वाट मिळते. तर्क पटण्यासारखा आहे. पण त्यामागे पीकइतका दीर्घ काळाचा अनुभव अजून नाही, आणि हे सांगणंही तुलनेचाच भाग आहे.

एक प्रसंग सांगते. मेढ्याकडचे एक गृहस्थ एक्स-रे घेऊन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून म्हणाले, "ताई, पैशे भरले, पन आत कायबी बसवल्यालं दिसंना. नुस्ते ठिपके हायेत." पीकचा केज एक्स-रेत दिसत नाही. तो कुठे आहे ते कळावं म्हणून त्यात धातूचे बारीक खुणेचे तुकडे घातलेले असतात, तेच ते ठिपके. आपल्याला फसवलं असं समजून त्या माणसानं कित्येक रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. मी त्यांना ते ठिपके एकेक करून दाखवले. चार पांढऱ्या ठिपक्यांचा अर्थ सांगायला मला फारसा वेळ लागला नाही, पण तो त्यांना ऑपरेशनआधीच कळायला हवा होता.

प्लेटची गोष्ट वेगळी. केजवर पुढून प्लेट आणि स्क्रू बसवले की जागा भक्कम होते, विशेषतः दोन-तीन पातळ्या एकदम जोडायच्या असतील तेव्हा. पण ती प्लेट अन्ननलिकेच्या पाठीमागे येते. ऑपरेशननंतर घास अडकतो अशी तक्रार पहिले काही आठवडे पुष्कळ जण करतात. बहुतेकांची ती हळूहळू जाते, आणि तिला ऑपरेशनात बाजूला ओढून धरलेले स्नायू व नळ्याही कारण असतात. तरी जाड प्लेट हे त्यातलं एक कारण आहेच. म्हणून आतच स्क्रू मारून बसवायचे, पुढे काही न डोकावणारे केज निघाले. त्यांत गिळण्याचा त्रास कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. मात्र अनेक पातळ्यांना आणि ठिसूळ हाडाला ते पुरेसे धरतील का, बाक टिकवतील का, यावर तुमच्यातच मतभेद आहेत. मतभेद असायला हरकत काहीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या कीर्तनकार बुवांना मात्र आपल्या बाबतीत हा प्रश्न होता, हेच ठाऊक नव्हतं. त्यांना गिळायला त्रास होऊ लागला तेव्हा त्यांना वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

आणि प्लेटचा ब्रँड काहीही असो, ती नेमकी कुठे बसते याला जास्त महत्त्व आहे. प्लेटचं टोक शेजारच्या गादीपासून ५ मिलिमीटरपेक्षा जवळ गेलं तर त्या गादीच्या पुढे हाड वाढण्याचं प्रमाण जास्त आढळलं, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. केज गरजेपेक्षा उंच बसवला किंवा मणक्याचा वरचा पातळ कठीण थर खरवडताना फार काढला, तर उत्तमातला उत्तम केजही खचतो. हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते तुमच्या हातात असतं, आणि हातांना प्रीमियम-इंडियन अशी ओळ नाही.

कृत्रिम गादी हा तिसरा पर्याय. तिथे मणके जोडायचे नाहीत, हालचाल राखायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मानेसाठी पहिली अशी गादी २००७ साली मंजूर केली. तिच्यामागचं कारण गंभीर आहे. १९९९ साली हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांच्या पाठपुराव्यातून दाखवलं की मणके जोडल्यावर शेजारच्या पातळीला नवा त्रास सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला २.९ टक्के, आणि दहा वर्षांत सुमारे चौघांतल्या एकाला तो होईल असा अंदाज निघाला. त्यातलं किती जोडण्यामुळे आणि किती वयाबरोबर आपसूक होणारं, यावर आजही एकमत नाही. तरुण, एका पातळीचा आजार, सांधे शाबूत असलेल्या माणसाला कृत्रिम गादी खरोखर विचारात घेण्यासारखी आहे. पण पोती वाहून ज्याच्या मानेचे मागचे सांधे झिजले आहेत, त्याला ती सहसा योग्य नाही. अशा माणसाला 'लेटेस्ट आहे' म्हणून ती सुचवली गेल्याचं मी रुग्णांच्या तोंडून ऐकलं आहे. ते ऐकून मला राग आला.

जास्त महाग म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज किती घातक ठरू शकतो याचं उदाहरण हाड वाढवणाऱ्या प्रथिनाचं आहे. बीएमपी-२ कमरेच्या मणक्यासाठी अमेरिकेत २००२ साली मंजूर झालं. हाड झपाट्यानं जुळतं म्हणून ते मानेतही वापरलं जाऊ लागलं. काही रुग्णांचा गळा एवढा सुजला की श्वास कोंडला. जुलै २००८मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. जुन्या काळच्या कमरेच्या हाडाबद्दल असा इशारा द्यावा लागला नव्हता.

आमच्या भागात हाड न जुळण्याचं एक मोठं कारण फुकट मिळतं. तंबाखू. सिगारेट ओढणारे निदान कबूल तरी करतात. सकाळ-दुपार मिश्री लावणाऱ्या बायकांना ते व्यसन वाटतच नाही, आणि त्यांना ते कोणी विचारतही नाही. निकोटिन शरीरात कोणत्याही वाटेनं गेलं तरी हाडाला बरं नाही. मी विचारते तेव्हा कित्येकींचं ऑपरेशन होऊन दीड-दोन महिने झालेले असतात. 'महिनाभर आधी मिश्री बंद' एवढं वाक्य कोणत्याही केजच्या जातीपेक्षा स्वस्त आहे. इम्प्लांटवर बोलायला बसलात तर हे वाक्य आपोआप निघेल, म्हणूनही मला ते बोलणं ओपीडीत व्हायला हवं आहे.

पैशाचंही स्पष्ट बोलू. हृदयातल्या स्टेंटच्या किमतींना फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं कमाल मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा तेव्हा २९,६०० रुपये होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यालाही मर्यादा आली. स्टेंटच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, जी मला किमतीइतकीच मोलाची वाटते: बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायची आणि ब्रँड, उत्पादक, बॅच नंबर लिहायचा. मानेच्या केजला ना ती मर्यादा, ना तो नियम. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढाच काय तो लगाम. मुळात किती छापायची, ते कंपनी ठरवते. सरकारनं मर्यादा घालावी की नाही यावर तुमची मतं वेगळी असतील. पण बिलावर नाव आणि बॅच लिहायला तुम्हाला सरकारच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

बॅच नंबर कशाला हवा, असं कोणी विचारू नये. एएसआर नावाचा कृत्रिम खुबा सदोष निघून २०१० साली जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो हजारो लोकांना बसवलेला होता. शोध सुरू झाला तेव्हा त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा पत्ताच लागला नाही. आपल्या शरीरात तेच बसवलं आहे हे ज्यांना माहीतच नव्हतं, ती माणसं नुकसानभरपाई मागणार तरी कशी? आपल्याकडे उपकरणांच्या दोषांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे. त्याला कळवायचं तर आधी वस्तूचं नाव हवं. युरोपात २०१७च्या कायद्यानं शरीरात कायम राहणाऱ्या बहुतेक रोपणांबरोबर रुग्णाला कार्ड देणं सक्तीचं केलं. आमचा रुग्ण एमआरआय सेंटरवर जातो, तंत्रज्ञ विचारतो अंगात धातू आहे का, कोणता आहे, आणि हा "मानेत कायतरी हाय" एवढंच सांगू शकतो. मग कोणाला परत पाठवतात, कोणाच्या नातेवाइकांना मुंबईला फोन लावायला लावतात.

गंमत म्हणजे ही माहिती असते. प्रत्येक केजच्या, प्लेटच्या खोक्यात चिकटपट्ट्या असतात: नाव, माप, बॅच, मुदत. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर त्यातली एक केसपेपरवर चिकटवते. उरलेल्या खोक्याबरोबर कचऱ्यात जातात. त्यातली एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालेल्या ऑपरेशनातही चिकटवा. तिथे रुग्णाला निवड नसेल, पण हक्क आहे.

ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, हे मी बघते. म्हणून लांबलचक समुपदेशन मागत नाही. संमतीपत्रात, रुग्णाच्या सहीच्या वर, मराठीत, तुमच्या हस्ताक्षरात तेवढं लिहा: कोणत्या पातळ्या, काय बसवणार, दुसरं काय बसवता आलं असतं, हे का निवडलं, आणि त्याची किंमत किती. 'का' या शब्दापुढे 'रुग्णाच्या पसंतीने' असं लिहू नका. पसंती साडीची असते. मेढ्याच्या माणसानं पीक पसंत केलं नव्हतं, त्याला ते माहीतच नव्हतं. तुमचा हात ज्यावर बसला आहे तीच वस्तू तुम्ही निवडत असाल, तर तेही कारण लिहा. ते प्रामाणिक आणि चांगलं कारण आहे, रुग्णाला समजतं.

तुमच्या संघटनांची वार्षिक अधिवेशनं होतात. तिथे कोणता केज किती खचतो यावर तासन्‌तास चर्चा होतात, त्यांतल्या काही मी वाचते, आणि तुम्ही ज्या बारकाईनं वाद घालता ते वाचून बरं वाटतं. तीच तुलना एका पानाच्या सोप्या मराठीत उतरवून सगळ्या सदस्यांना द्या. यंदाच्या अधिवेशनात ठराव करा की सदस्यांच्या रुग्णालयांत इम्प्लांटचा विषय बिलिंग काउंटरवर पहिल्यांदा निघणार नाही. मणक्याच्या रोपणांची नोंदवही सुरू करा. स्वीडननं मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी अशी राष्ट्रीय नोंद १९९०च्या दशकातच सुरू केली. आपण एका राज्यापुरती, नाहीतर निदान दोन-चार जिल्ह्यांपुरती तरी करू. पाठपुरावा तुमच्याकडून सुटतो, कारण माणूस गावी निघून जातो. गावी आम्ही आहोत. सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी हाताची ताकद किती, घास अडतो का, काम सुरू केलं का, हे मी आणि माझ्यासारखे तालुक्या-तालुक्यांतले फिजिओथेरपिस्ट विनामूल्य भरून पाठवू. त्यासाठी रुग्णाच्या कार्डावर ती चिकटपट्टी तेवढी असू द्या.

आपली,
साताऱ्यातील एक फिजिओथेरपिस्ट